कोकोपीटला नुसतं पाणी पाजू नका

प्रश्न : आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. गच्चीवर मातीचं वजन नको असं सोसायटीचं म्हणणं पडलं, म्हणून जानेवारीत १५ ग्रो बॅग (१२ बाय १२ इंची) निव्वळ कोकोपीटने भरल्या. टोमॅटो, सिमला मिरची आणि थोडी तिखट मिरची लावली. पहिला महिना रोपं बघत राहावीत अशी होती. आता एप्रिलमध्ये खालची पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडताहेत, टोकं करपताहेत आणि टोमॅटो बुडाकडून काळे होताहेत. बॅगेवर पांढरी पुटंही दिसतात. मी रोज संध्याकाळी प्रत्येक बॅगेला एक मग पाणी घालते. जास्त घातलं की खाली गळतं आणि शेवटच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी साठवून वापरते. दर पंधरा दिवसांनी चमचाभर एकोणीस-एकोणीस (१९:१९:१९) खत देते. टोमॅटोसाठी अंड्याची टरफलंही घातली. सासरे म्हणतात रासायनिक बंद कर आणि जीवामृत घाल. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आधी फवारणीचा पंप खाली ठेवा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत मला रोग दिसत नाही. पिवळी पानं, करपलेली टोकं आणि काळं बूड ही तीन दुखणी वेगळी वाटली तरी मूळ एकच आहे. बॅगेत क्षार साचले आहेत आणि त्या गर्दीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम झाडापर्यंत पोचत नाही. हे घडलं, कारण तुम्ही कोकोपीटला मातीसारखं वागवलंत. गच्चीवर बाग करणारे दहातले आठजण हेच करतात. दुकानदार कोकोपीटची दाबलेली वीट विकतो, ती कशी सांभाळायची ते सांगत नाही.

मातीत चिकणमाती असते, कुजलेला पालापाचोळा असतो, जिवाणू असतात. एकदा शेणखत घातलं की माती ते महिनोन्महिने थोडं थोडं सोडत राहते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी तो धरतो, इतकं पाणी धरूनही मुळांना हवा मिळू देतो आणि लवकर कुजत नाही. नारायणगावच्या नर्सरीवाल्यांनी ट्रेमधली माती सोडून कोकोपीट धरलं ते उगाच नाही. पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं. मातीतलं झाड घरी जेवतं, कोकोपीटमधलं मेसच्या डब्यावर असतं. डबा रोज यावा लागतो, आणि पंधरा दिवसांचे डबे एकाच दिवशी आणून ठेवले तर त्या दिवशी अपचन आणि उरलेले दिवस उपास. तुमचा पंधरवड्याचा चमचा नेमकं हेच करतोय.

पहिला महिना रोपं छान का होती, तेही सांगतो. रोप लहान होतं, भूक कमी होती, नर्सरीतून आलेली शिदोरी होती आणि थंडीत बाष्पीभवनही बेताचं होतं. खरी परीक्षा फळ धरल्यावर आणि ऊन चढल्यावर सुरू होते.

आता क्षारांकडे येऊ. नारळाचं सोडण बऱ्याच ठिकाणी खाडीच्या मचूळ पाण्यात भिजवलं जातं आणि नारळात मुळातच पोटॅशियम भरपूर असतं. त्यामुळे कच्च्या कोकोपीटमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड बऱ्यापैकी असतं. साध्या पाण्याने धुतलं की सुटे क्षार वाहून जातात, पण भुशाच्या कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम जागचं हलत नाही. मग तुम्ही कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम दिलंत की भुसा ते स्वतःकडे ओढून घेतो आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम पाण्यात सोडतो. म्हणजे तुम्ही झाडासाठी वाढलेलं आधी कोकोपीटच खातं. म्हणून वीट भिजवताना ५ किलोच्या विटेला साधारण १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून घालायचं, एक दिवस तसंच ठेवायचं आणि मग धुवायचं. कॅल्शियम आधीच त्या जागांवर जाऊन बसतं. पाकिटावर ‘लो ईसी’ लिहिलेलं असलं तरी ही एक पायरी मी गाळत नाही. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, विरघळलेल्या क्षारांचं माप. लो ईसी म्हणजे सुटे क्षार धुतलेले, एवढंच.

तुमच्या बॅगांची ही पायरी राहिलेली दिसते. वर रोजचा एक मग. १२ बाय १२ च्या बॅगेत वीस लिटरच्या आसपास कोकोपीट मावतं. एका मगाने त्याचा वरचा थर भिजतो, उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मग, पुन्हा क्षार. खाली काहीच निघून जात नाही. पांढरी पुटं याचीच आहेत आणि पानांची टोकंही त्यामुळेच करपतात.

त्यात आरओचं टाकाऊ पाणी. आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातले क्षार काढतं आणि ते सगळे त्या टाकाऊ पाण्यात ढकलतं, हे पाणी साठवताना कोणी लक्षात घेत नाही. मूळ पाणी पवना धरणाचं मऊ पाणी असेल तर टाकाऊसुद्धा फार वाईट नसतं. पण पिंपरी-चिंचवडमध्ये नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं. त्याचं टाकाऊ म्हणजे जड पाण्याचा अर्क. ते लादी पुसायला वापरा, गाडी धुवायला वापरा. सोसायटीला सॉफ्टनर असेल तर ते पाणीही बागेला नको. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि सोडियम देतो. आपल्याला हवंय नेमकं त्याच्या उलट.

काही शे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. पुढचं अर्धं बोलणं त्याच्याशिवाय हवेतलं आहे. बहुतेक स्वस्त मीटर ईसी १ ला ५०० पीपीएम दाखवतात, मी त्याच हिशेबाने आकडे देतो. नळाचं पाणी २०० च्या आत असेल तर उत्तम. ४०० च्या पुढचं बोअर असेल तर निम्मं नळाचं मिसळा. पावसाळ्यात पिंप लावून पावसाचं पाणी धरता आलं तर त्यासारखं दुसरं नाही.

या आठवड्यात करायचं ते असं. बॅगा धुऊन काढायच्या, पण निव्वळ पाण्याने नाही. १० लिटर नळाच्या पाण्यात ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि ३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा. वीस लिटरच्या बॅगेतून असं १५ ते २० लिटर पाणी सावकाश जाऊ द्या, झारीने, थांबत थांबत. खालून येणारं पाणी सुरुवातीला चहासारखं तांबूस असेल, मीटर त्यात हजार-दीड हजाराच्या पुढेही जाईल, घाबरू नका. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे जवळ आले की थांबा. पंधरा बॅगांना पाणी खूप लागतं आणि एक दिवसाआड नळ असणाऱ्या घरात ते एका दिवसात काढणं अन्यायाचं आहे. रोज तीन बॅगा घ्या, पाच दिवसांत होईल. सगळ्यात आजारी टोमॅटो आधी.

त्यानंतर रोजचं खाणं. कृषी सेवा केंद्रात ही खतं किलोच्या पाकिटांत मिळतात. द्राक्षवाल्यांना आणि टोमॅटोवाल्यांना ती पाठ असतात, त्यामुळे दुकानात नाव सांगताना संकोच नको : कॅल्शियम नायट्रेट, तेरा-झिरो-पंचेचाळीस, झिरो-बावन्न-चौतीस (हे आकडे म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांची टक्केवारी) आणि मॅग्नेशियम सल्फेट. दोन एक-लिटरच्या बाटल्या घ्या. पहिलीत ६५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. दुसरीत ३० ग्रॅम १३:०:४५, १५ ग्रॅम ०:५२:३४ आणि ३५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही पाण्याने लिटरपर्यंत भरा आणि अंधारात ठेवा. देताना १० लिटर पाण्यात पहिलीतलं १०० मिली टाका, ढवळा, मग दुसरीतलं १०० मिली. एवढंच. बाटल्या कधीही एकमेकींत ओतू नका. घट्ट द्रावणात कॅल्शियमला सल्फेट आणि फॉस्फेट भेटलं की तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तुमचेच पैसे, आणि मुळांना त्याचा काही उपयोग नाही. दहा लिटरच्या पातळ पाण्यात मात्र दोघं सुखाने नांदतात.

हे पाणी साध्या नळाच्या पाण्यात बनवलं तर मीटर साधारण ७०० ते ८०० दाखवेल. वाढीच्या टोमॅटो-मिरचीला तेवढं पुरतं. नवी लहान रोपं असतील तर दोन्ही बाटल्यांतून पन्नास-पन्नास मिली. फळं भरायला लागली की दुसऱ्या बाटलीतलं १३:०:४५ पन्नास ग्रॅमवर आणि ०:५२:३४ वीस ग्रॅमवर न्या, बाकी तसंच. सूक्ष्म अन्नद्रव्यं (लोह, जस्त वगैरे) यात नाहीत, त्यासाठी चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं, मिश्रण पुडीवरच्या प्रमाणात आठवड्यातून एकदा. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली चुकतो, म्हणून एकदम बाटलीभर बनवायची ही युक्ती आहे. दहा लिटरला दीड ग्रॅम मोजत बसाल तर रोज चूक होईल. आणखी एक, कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल ओढून घेतं. उघडं पाकीट जूनमध्ये पाणी-पाणी होतं, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

तुमचं एकोणीस-एकोणीस वाईट खत नाही, इथे चुकीच्या जागी आलं आहे. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. शिवाय त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. तो झाडाला नीट वापरता यावा म्हणून जिवाणूंनी आधी त्याचं रूपांतर करावं लागतं, आणि ताज्या कोकोपीटमध्ये ते जिवाणू पुरेसे नसतात. युरिया टीडीएस मीटरला दिसतही नाही, म्हणजे मोजून देणाऱ्यालाही फसवतो. उरलेलं पाकीट मातीतल्या जास्वंदीला घाला.

पाणी किती आणि केव्हा, यावर लोक फार गोंधळतात. वरून कोकोपीट फिकट तपकिरी, कोरडं दिसतं आणि दोन इंच खाली ते चिंब असतं. उलटही होतं. म्हणून डोळ्यांवर विश्वास नको, बॅग एका कडेने उचलून बघा. भरपूर पाणी दिल्यावरचं वजन हाताला एकदा कळलं की पुढे मोजमाप लागत नाही. निम्म्याच्या आसपास हलकी वाटली की द्या. पूर्ण कोरडी मात्र कधीच होऊ देऊ नका. पाणी उडतं तसे उरलेल्या पाण्यातले क्षार घट्ट होतात आणि मुळं भाजतात, शिवाय खडखडीत वाळलेलं कोकोपीट पुन्हा पटकन भिजत नाही, पाणी कडेने निसटून जातं. मोठ्या टोमॅटोला एप्रिलच्या उन्हात दिवसाला दोनेक लिटर लागू शकतं, ते सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमारास असं विभागून द्या. मिरचीला कमी. संध्याकाळचा मग सोडा, कारण झाडाला पाणी ऊन चढायच्या आधी हवं असतं. भर दुपारी पानं जरा मलूल झाली आणि बॅग जड असेल तर पाणी घालू नका, सावली द्या. ५० टक्क्यांची हिरवी जाळी पुरते.

प्रत्येक वेळी दिलेल्या पाण्यातलं दहा ते वीस टक्के खालून निघालं पाहिजे. लिटर ओतलं तर शे-दोनशे मिली. हा निचरा म्हणजे नासाडी वाटते, पण क्षार बाहेर जायचा दुसरा रस्ता नाही. आठवड्यातून एकदा निचऱ्याचं पाणी वाटीत धरून मीटर बुडवा. आत ८०० जात असेल आणि बाहेर हजार-अकराशे येत असेल तर ठीक चाललंय. पंधराशेच्या वर गेलं की वरची धुण्याची कृती पुन्हा करा.

काकूंचा प्रश्न खरा आहे आणि तो बागेच्या बाहेरचा समजू नका. बॅगा थेट लादीवर असतील तर खतमिश्रित पाणी गच्चीत मुरणारच, आणि उद्या छताला ओल आली की तक्रार बागेवरच येईल. दोन विटांवर पसरट ट्रे, ट्रेला एका बाजूला भोक, त्यातून नळी, नळी बादलीत. बॅगेचं बूड ट्रेमधल्या पाण्याला टेकता कामा नये, नाहीतर निघालेले क्षार ती परत शोषते. बादलीतलं पाणी कोकोपीटला परत घालू नका, त्यात तेवढंच साधं पाणी मिसळून मातीतल्या झाडांना द्या. त्यांना ते आवडतं. आणि पहिले चार चांगले टोमॅटो खालच्या मजल्यावर पोचते करा, हा माझा शेतीबाहेरचा सल्ला.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांचा अनुभव मातीचा असणार आणि मातीत तो खोटा नाही. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) हे पोटभर खत म्हणून कमी आणि जिवाणूंचं विरजण म्हणून जास्त काम करतं. शेतात त्या जिवाणूंपुढे सेंद्रिय पदार्थ असतात, माती असते. निव्वळ कोकोपीटमध्ये त्यांनी खायचं काय आणि झाडाला द्यायचं काय? वर बॅगा ओल्या राहिल्या की बारीक काळ्या माश्या मात्र भरपूर येतात. सेंद्रियच करायचं ठरलं तर ते मोकळेपणाने करा. पुढच्या वेळी बॅगेत तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा, मग जीवामृत चालेल आणि पाणीही मातीच्या पद्धतीने द्यावं लागेल. वजन थोडं वाढेल, ते सोसायटीशी बोला. पण निम्मं हे आणि निम्मं ते करू नका. कोकोपीटमध्ये पातळ खताचं पाणी देत असताना मधूनच वाटीभर शेणखत टाकलं की बॅगेत काय चाललंय ते मीटरलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

अंड्याची टरफलं इतकी हळू विरघळतात की हा हंगाम संपेल आणि ती जशीच्या तशी सापडतील. टोमॅटोचं काळं बूड कॅल्शियमच्या तुटीने होतं हे बरोबर, पण ती तूट बहुधा पाण्याच्या ओढाताणीमुळे येते. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. एक दिवस कोरडं आणि एक दिवस चिंब असं झालं की ते पानांपर्यंत जातं, फळाच्या टोकाला पोचत नाही. पानांवर मारलेलं कॅल्शियमही फळात फारसं उतरत नाही. काळी झालेली फळं सुधारणार नाहीत, ती तोडून टाका म्हणजे झाडाची ताकद वाया जाणार नाही. काळा भाग कापून उरलेलं आमटीत घातलं तर चालतं.

एक गोष्ट पाण्याच्या आंबटपणाची. बोअरचं पाणी अल्कधर्मी असतं आणि कोकोपीटमधला सामू (पीएच) ६ च्या आसपास हवा. तुमची पिवळी पानं खालची आहेत, त्यामुळे दोष मॅग्नेशियमचा. पुढे कधी शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी दिसली तर लोह मिळत नाहीये असं समजा, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पाण्याचा वाढलेला सामू असतो. सामू तपासायच्या थेंबांची बाटली मिळते. १० लिटरला १ ग्रॅम सायट्रिक अॅसिडपासून सुरू करा, तपासा, लागलं तर वाढवा. आधी अॅसिड, मग खतं. निव्वळ धरणाचं पाणी असेल त्या दिवशी याची गरज क्वचितच पडेल.

धुतल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्याने नवीन फूट बघा. जुनी पिवळी पानं हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून खत वाढवू नका. जूनमध्ये पाऊस लागला की रोज धो-धो पाण्याने बॅगेतलं सगळं वाहून जाईल, तेव्हा शक्य तर बॅगा पत्र्याखाली घ्या. नाही जमलं तर उघडीप मिळाली की साधं पाणी न देता बाटल्यांपासून बनवलेलं पातळ खताचं पाणी द्या, अर्ध्या लिटरने भागेल. हंगाम संपल्यावर कोकोपीट फेकू नका. मुळं काढा, चाळा, पुन्हा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात एक दिवस भिजवा, धुवा आणि भरा, आणखी दोन-तीन हंगाम सहज जातात. फक्त टोमॅटो मरगळून मेलेल्या बॅगेतलं कोकोपीट पुन्हा टोमॅटोला किंवा मिरचीला नको, ते फुलझाडांच्या मातीत मिसळून टाका.